मॅमोग्राफी : कोणी करावी, कधी करावी, अहवाल कसा वाचावा

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. तो लवकर सापडल्यास उपचार सोपे होतात आणि पुष्कळदा संपूर्ण स्तन काढावा लागत नाही. आपल्याकडे मात्र घरातील सर्वांच्या तपासण्या आठवणीने करून घेणारी स्त्री स्वतःची तपासणी सणवार, परीक्षा, लग्नकार्य आटोपेपर्यंत पुढे ढकलते. म्हणून सभासद कुटुंबांसाठी ही माहिती.

तपासणी कशी होते?
मॅमोग्राफी म्हणजे कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी घेतलेली स्तनाची प्रतिमा. स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबून धरतात. थोडे दुखते, पण त्यामुळे प्रतिमा स्पष्ट येते आणि किरणही कमी लागतात. हाताला न लागणारी लहान गाठ किंवा कॅल्शियमचे बारीक कण त्यात दिसू शकतात.

कोणी करावी?
कोणताही त्रास नसलेल्या स्त्रियांनी ४० वर्षांनंतर डॉक्टरांशी बोलून ठरवावे. अमेरिकेतील २०२४ च्या शिफारशीनुसार ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी तपासणी करावी. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी हाताने केली जाते. आई, बहीण किंवा मुलीला हा आजार झाला असल्यास तपासणी लवकर सुरू करावी का, हे विचारावे. तरुण वयात स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत गाठ झाकली जाऊ शकते. तेव्हा सोनोग्राफी उपयोगी पडते.

गाठ, स्तनाग्रातून रक्त, त्वचा ओढली जाणे अशी लक्षणे असल्यास वयाचा विचार न करता लगेच दाखवावे. गाठ दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

मुंबईचा अभ्यास
टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. जवळपास मॅमोग्राफीची सोय नसेल तरी हाताने केलेली तपासणी टाळू नये, हा त्याचा बोध.

अहवाल कसा वाचावा?
अहवालात ‘बायरॅड्स’ असा आकडा असतो.
० : आणखी प्रतिमा हव्यात. याचा अर्थ कर्करोग नव्हे.
१, २ : काळजीचे काही नाही.
३ : बहुधा साधी गाठ, साधारण सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.
४, ५ : सुईने तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, आवश्यक.
६ : कर्करोगाचे निदान आधीच झालेले आहे.

मर्यादा
मॅमोग्राफी कर्करोग टाळत नाही, तो लवकर शोधते. कधी गाठ सुटते, तर कधी निरोगी स्त्रीलाही पुढच्या तपासण्यांची धावपळ होते. मागचा अहवाल ‘चांगला’ असला तरी नवे लक्षण दिसल्यास पुन्हा दाखवावे.

जाताना
पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात वेळ घ्यावी. त्या दिवशी काखेत पावडर वा डिओडरंट लावू नये. त्याचे कण प्रतिमेत दिसतात. जुन्या फिल्म सोबत न्याव्यात. आणि शक्य असल्यास घरातील कोणीतरी बरोबर जावे. एकटीने जायचे म्हणून राहून गेलेल्या तपासण्या थोड्या नाहीत.