बादशहाचा टब

जुन्या टबांचे शौकीन जगभर आहेत. ओतीव लोखंडाचा, आतून पांढरं इनॅमल चढवलेला, जनावराच्या पंजासारख्या चार पायांवर उभा असलेला टब अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये एखाद्या जुन्या घरात सापडला, की माणसं तो हौसेने उचलून आणतात, डागडुजी करतात आणि न्हाणीघरात मधोमध मांडतात. मी वाढलो बादली-तांब्याच्या घरात. ईदच्या सकाळी पितळी घंगाळ निघायचं, तेवढीच चैन. पाण्यात बसून राहायचं, ही कल्पनाच आमच्याकडे नव्हती. तरी या टबांचं मलाही आकर्षण आहे, ते त्यांच्याभोवतीच्या गोष्टींमुळे. टब रिकामा दिसला की लोक त्यात गोष्टी ओततात.

अमेरिकन पत्रकार एच. एल. मेंकेन यांनी २८ डिसेंबर १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या ‘इव्हिनिंग मेल’मध्ये टबाचा इतिहास लिहिला. १८४२ साली सिनसिनाटीच्या एका व्यापाऱ्याने देशातला पहिला टब बसवला, डॉक्टरांनी तो प्रकृतीला घातक ठरवला, पुढे राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी तो व्हाइट हाउसमध्ये नेला, वगैरे. सगळ्या थापा! पण भल्याभल्यांनी त्या खऱ्या मानून पुढे छापल्या. १९२६ मध्ये मेंकेन यांनी स्वतः कबुली दिली, तरी थाप चालतच राहिली. खरी हकिकत साधी होती. १८८३ मध्ये विस्कॉन्सिनच्या जॉन कोहलर यांनी शेतावरच्या लोखंडी डोणीला इनॅमल चढवलं, चार पाय लावले आणि तिचा टब केला. गुरांच्या डोणीपेक्षा राष्ट्राध्यक्ष ऐकायला बरे वाटतात, दुसरं काय!

आपल्याकडेही तेच. आग्र्याच्या किल्ल्यात जहांगिरी महालासमोर एक प्रचंड दगडी टब आहे, हौज-ए-जहांगिरी. एकाच दगडातून कोरलेला, सुमारे पाच फूट उंच, वरचा व्यास आठ फूट. चढायला बाहेरून पायऱ्या, उतरायला आतून पायऱ्या. काठावर फारसी लेख आहे. हा टब १८४३ मध्ये किल्ल्यात सापडला. १८६२ मध्ये तो शहरातल्या बागेत नेला, तिथे त्याची बरीच मोडतोड झाली. पुढे सर जॉन मार्शल यांनी तो परत किल्ल्यात आणवला. गंमत अशी, की मागचा महाल अकबराच्या काळातला. त्याला ‘जहांगिरी’ हे नाव पडलं ते या टबावरून, असं मानतात.

या टबाच्याही गोष्टी आहेत. नूरजहाँशी निकाह झाला त्याची ही भेट, अशी एक. पण टबावरचं साल हिजरी १०१९. ते मार्च १६११ मध्ये संपलं आणि निकाह झाला त्या मे महिन्यात. म्हणजे टब आधीचा. दुसरी गोष्ट जास्त लाडकी आहे. नूरजहाँ गुलाबपाण्यात नहात होती, पाण्यावर तेलाचा तवंग आला आणि गुलाबाच्या अत्तराचा शोध लागला!

मी कवी माणूस, कल्पनेशी माझं वैर नाही. पण इथे एका बाईचं श्रेय दुसरीच्या पदरात पडतं, ते मला खटकतं. खुद्द जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात वेगळंच लिहून ठेवलं आहे. हा शोध नूरजहाँच्या आईचा, अस्मत बेगमचा. गुलाबपाणी काढताना गरम पाणी सुरईतून थाळ्यांत ओतलं, की वर थोडा तवंग जमायचा. एखादीने तो पुसून टाकला असता. अस्मत बेगमने तो थोडाथोडा करून गोळा केला. टब नाही, राणीची आंघोळ नाही. भांड्यांशी वावरणाऱ्या एका प्रौढ बाईची बारीक नजर. त्याचा एक थेंब तळहातावर चोळला, तर मजलिस दरवळते, असं जावयाने कौतुकाने नोंदवलं आणि सासूला मोत्यांची माळ दिली.

अस्मत बेगमची कबर आग्र्यातच आहे, यमुनेच्या पलीकडे, नवरा इतिमाद-उद-दौला याच्या शेजारी. तिच्या अत्तराला नाव ठेवलं अकबराच्या विधवेने, सलीमा सुलतान बेगमने. ते नाव होतं ‘इत्र-ए-जहांगिरी’.