आभासी विद्याभ्रमण आणि एक शब्दसूची

१८६५ साली मॉरिशस बेटावर लंडन विद्यापीठाची परीक्षा झाली. तिला बसणाऱ्यांनी लंडन पाहिलेले असावे, अशी अट नव्हती. १८५८ च्या सनदेने त्या विद्यापीठाच्या परीक्षा कोणत्याही महाविद्यालयात न शिकलेल्यांनाही खुल्या झाल्या होत्या. प्रश्नपत्रिका जहाजाने जात आणि उत्तरपत्रिका जहाजानेच परत येत. आज ज्याला आभासी विद्याभ्रमण म्हणतात, म्हणजे विद्यार्थी आपल्या गावी आणि वर्ग मात्र परदेशी, त्याची वंशावळ लिहायची झाली तर तिचा आरंभ मला संगणकापासून न करता या जहाजापासून करावासा वाटतो. प्रवास कशाने झाला, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. प्रवास नेमका कशाचा झाला आणि कोणत्या दिशेने, हे विचारू लागलो की या इतिहासाचा खरा आकार दिसू लागतो.

पहिल्या टप्प्यात प्रवास झाला तो परीक्षेचा. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठही लंडनच्याच नमुन्यावर घडवलेले होते. त्याचे काम मुख्यतः परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे होते. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत जे उत्तीर्ण झाले, त्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे या विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून मराठी वगळली गेली, आणि तिला तेथे पुन्हा जागा मिळावी म्हणून त्याच रानड्यांना उतारवयात खटपट करावी लागली. परीक्षेचा नमुना दुरून आला की उत्तराची भाषाही बहुधा दुरूनच येते, हे आपण तेव्हापासून जाणतो. तरीही या व्यवस्थेचे मोल नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. नेल्सन मंडेला यांनी तुरुंगात राहून लंडन विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीचा अभ्यास केला होता. पदवी मिळाली ती मात्र १९८९ साली, दक्षिण आफ्रिकेतील विद्यापीठाकडून. ज्याला दाराबाहेर पडता येत नाही, त्याच्यापर्यंत विद्या पोचते, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसऱ्या टप्प्यात व्याख्यान प्रवासाला निघाले. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत त्याचे पहिले विद्यार्थी अभ्यासाला लागले. आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी हे त्यांच्या वर्गाचेच भाग होते. आपल्याकडे नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झाले. २०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्डच्या दोन संगणकतज्ज्ञांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम महाजालावर खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदवली. शेवटपर्यंत टिकले ते त्यांतले थोडे, वीस हजारांच्या वर. तरी एका सत्रात एवढे विद्यार्थी कोणत्या गुरूला मिळाले होते? पण येथेही दिशा तीच राहिली. बोलणारा एका जागी, ऐकणारे जगभर. ऐकणाऱ्याच्या गावात काही वेगळे माहीत असेल, तर ते बोलणाऱ्यापर्यंत पोचण्याची सोय या रचनेत फारशी नव्हती.

या दोन मोठ्या टप्प्यांच्या मधोमध, १९९७ मध्ये, एक लहानसा प्रयोग झाला. साहित्याच्या शिक्षकांनी त्याची आठवण ठेवावी असे मला वाटते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फ्रेंच शिकवणाऱ्या जिल्बेर्त फुर्स्टेनबर्ग यांनी साबीन लवे आणि शॉगी वॅरिन यांच्यासह ‘कुल्तुरा’ नावाचा उपक्रम सुरू केला. एका बाजूला फ्रेंच शिकणारे अमेरिकी विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शिकणारे फ्रेंच विद्यार्थी. दोघांना एकच प्रश्नावली. त्यात काही शब्द असत आणि शब्द वाचताच मनात जे येईल ते लिहायचे असे. काही अर्धी वाक्ये पुरी करायची असत. काही प्रसंगांवर प्रतिक्रिया द्यायची असे : दुकानात एक आई आपल्या मुलाला थप्पड मारते आहे, तुम्ही काय कराल?

मग दोन्ही वर्गांची उत्तरे पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली जात. कोशात ज्यांना समानार्थी म्हटले आहे, असे दोन शब्द तेथे एकमेकांना ओळख देईनासे होत. ‘इंडिव्हिज्युअ‍ॅलिझम’ म्हटल्यावर अमेरिकी विद्यार्थ्यांना स्वातंत्र्य, स्वावलंबन, स्वतःचे वेगळेपण आठवे. त्याच शब्दाच्या फ्रेंच रूपाखाली स्वार्थाची, आपमतलबीपणाची छटा उमटे. मूळ फ्रेंच चित्रपट आणि त्याचा अमेरिकी अवतार यांचीही अशीच तुलना होई. या फरकाचे स्पष्टीकरण शिक्षकाने द्यायचे नसे. विद्यार्थी एकमेकांना लिहून विचारत, आणि समोरच्याचे उत्तर वाचून आपलेच शब्द पुन्हा तपासत.

या उपक्रमाचा सर्वांत महत्त्वाचा नियम वरवर पाहता उलटा वाटतो. परभाषा शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांनी या चर्चेत आपापल्या मातृभाषेतच लिहायचे. कारणे साधी होती. कोणाचीही भाषा वरचढ होऊ नये. प्रत्येकाला आपला विचार बारकाव्यांसकट मांडता यावा. आणि समोरच्याने लिहिलेले अस्सल गद्य आपल्याला वाचायला मिळावे. परक्या भाषेत बोलणारा माणूस जेवढे येते तेवढेच बोलतो, आणि त्याला तेवढेच समजते असे ऐकणाऱ्याला वाटू लागते. इंग्रजीतून चालणाऱ्या वर्गात गप्प बसलेला हुशार विद्यार्थी ज्याने पाहिला आहे, त्याला या नियमाचे महत्त्व निराळे सांगायला नको.

पुढे या विचाराला संस्थेचे रूप मिळाले. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या पर्चेस महाविद्यालयात चित्रपटकलेचे अध्यापक जॉन रुबिन यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये यासाठी एक केंद्र उभे राहिले. दोन देशांतील दोन अध्यापकांनी अभ्यासाचा एक भाग मिळून आखायचा, मिळून शिकवायचा. विद्यार्थ्याने मात्र आपल्याच विद्यापीठात नाव नोंदवायचे आणि श्रेयांकही तेथूनच घ्यायचे. १९८७ मध्ये युरोपात इरॅस्मस योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी परदेशी गेले. ज्यांना तसे जाता येत नाही, त्यांच्यासाठी ही वाट होती. २०१८ मध्ये युरोपीय संघाने भूमध्य समुद्राच्या दक्षिणेकडील तरुणांसाठी आभासी देवाणघेवाणीचा प्रयोग हाती घेतला, त्यामागेही हेच भान होते.

मग २०२० साल आले आणि जगातले जवळजवळ सगळेच वर्ग पडद्यावर गेले. घाईत आपण पडद्यावर नेले ते मुख्यतः व्याख्यान, कारण ते न्यायला सोपे होते. आंतरराष्ट्रीय म्हणून जे वर्ग भरतात, त्यांपैकी बहुतेकांची भाषा आजही इंग्रजीच असते.

मराठीच्या वर्गाने यातून काय घ्यावे? ‘कुल्तुरा’चा नियम जसाच्या तसा उचलता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. तेथे दोन्ही भाषा समर्थ होत्या आणि दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा शिकायची होती. मराठी शिकणारा परदेशी वर्ग विरळा. पण देवाणघेवाणीसाठी दरवेळी समुद्रच ओलांडला पाहिजे असे नाही. धारवाडचा कन्नडचा वर्ग आणि कोल्हापूरचा मराठीचा वर्ग यांच्यात ‘भक्ती’, ‘जात’, ‘सीमा’ या शब्दांच्या याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. हे शब्द दोन्हीकडे वापरले जातात. म्हणूनच त्यांच्याखाली काय काय लिहिले जाईल, याची खात्री कोणालाच देता येणार नाही. अनुवाद करून द्यायला दोन्ही भाषा जाणणारा एखादा शिक्षक त्या पट्ट्यात सहज सापडेल.

मॉरिशसहून निघालेल्या उत्तरपत्रिका तपासणारे लंडनमध्ये बसले होते. त्या वाचून त्यांना आपले प्रश्न बदलावेसे वाटले असतील का, याची नोंद ठेवण्याची जागा त्या व्यवस्थेत नव्हती. आपल्या वर्गांत ती जागा ठेवणे आता आपल्या हाती आहे.