शिझुओकाचा हरलेला सामना

खेळांचे सामने दोन प्रकारचे असतात. एक ढालीचे वा स्पर्धेचे. त्यांतील जय-पराजय दप्तरांत नोंदला जातो आणि पन्नास वर्षांनीं कोणी विचारलें तरी दप्तर उघडून उत्तर देतां येतें. दुसरे प्रदर्शनीय सामने. पाहुणा संघ येतो, यजमान त्याच्याशीं खेळतो, लोक टाळ्या वाजवितात आणि पाहुणे निघून जातात. अशा सामन्यांतील धावा खेळाडूंच्या अधिकृत आंकड्यांत धरल्या जात नाहींत. त्यांचें दप्तर म्हणजे प्रेक्षकांची स्मृति. आणि ह्या दप्तराचा कारकून मोठा लहरी असतो. कांहीं गोष्टी तो ठसठशीत लिहितो, कांहीं सोयीस्करपणें गाळून टाकतो. जपानांतील शिझुओका शहरीं ता. २० नोव्हेंबर १९३४ रोजीं झालेला बेसबॉलचा सामना हें ह्याचें उत्तम उदाहरण होय. त्या दिवशीं जपानी संघ हरला. तथापि जपानी रसिकांनीं तो दिवस विजयाच्या दिवसासारखा जतन करून ठेविला आहे.

बेसबॉल हा मूळचा अमेरिकेचा खेळ. परंतु जपानांत तो परका राहिला नाहीं. १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन नांवाच्या अमेरिकन शिक्षकानें टोकियोंतील आपल्या विद्यार्थ्यांना तो शिकविला, आणि शतक संपण्यापूर्वींच त्याला 'याक्यू', म्हणजे मैदानांतील चेंडू, असें जपानी नांवहि मिळालें. १८९६ सालीं टोकियोच्या एका उच्च विद्यालयाच्या मुलांनीं योकोहामा येथील अमेरिकनांच्या क्लबाचा २९ विरुद्ध ४ असा धुव्वा उडविला, तेव्हां तर ह्या खेळाला राष्ट्राभिमानाची धार चढली. १९३१ सालीं अमेरिकेंतील नामांकित व्यावसायिक खेळाडूंचा संघ जपानांत आला, त्या वेळीं त्यांच्यापुढें मुख्यतः विद्यापीठांतील तरुणच उभे राहिले. पुढील वर्षीं मात्र शिक्षणखात्यानें विद्यार्थ्यांना व्यावसायिकांशीं खेळण्यास मनाई केली. त्यामुळें १९३४ च्या दौऱ्यासाठीं 'योमिउरी' वृत्तपत्राचे चालक मात्सुतारो शोरिकी यांना निराळाच संघ उभा करावा लागला. त्या संघांत एइजी सावामुरा नांवाचा १७ वर्षांचा मुलगा होता. क्योटोच्या एका व्यापारी शाळेंतील शिक्षण अर्धवट सोडून तो संघांत आला होता. शिक्षणखात्याचा नियम पाळावयाचा आणि रूथसमोरहि उभें राहावयाचें, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं साधणें शक्य नव्हतें.

ता. २ नोव्हेंबर रोजीं अमेरिकन संघाचें जहाज योकोहामास लागलें. संघाचे पुढारी वृद्ध कॉनी मॅक हे होते. खेळाडूंत लू गेरिग, जिमी फॉक्स, चार्ली गेरिंगर असे एकाहून एक फलंदाज होते. परंतु लोकांच्या तोंडीं नांव एकच होतें, बेब रूथ. रूथ तेव्हां ३९ वर्षांचा होता. शरीर स्थूल झालेलें, पायांतील चपळाई गेलेली आणि ज्या न्यूयॉर्कच्या संघांत त्यानें कीर्ति मिळविली त्या संघांतील त्याचे दिवस भरत आलेले. तरीहि टोकियोच्या गिन्झा रस्त्यावर त्याची मोटार निघाली तेव्हां गर्दीनें तिची वाट अडविली. दोन्ही देशांचीं निशाणें हालवीत लोक त्याच्या नांवाचा 'बान्झाय' असा जयघोष करीत होते.

ह्या जल्लोषामागें एक चिंताहि होती. मांचुरियाच्या प्रकरणावरून मार्च १९३३ मध्यें जपाननें राष्ट्रसंघ सोडण्याचें जाहीर केलें होतें आणि आरमाराच्या प्रश्नावरून अमेरिकेशीं तेढ वाढत होती. ह्या खेळानें मनें जुळतील, अशी आशा दोन्हीकडील पुष्कळ भल्या माणसांना वाटली. टोकियोंतील अमेरिकन राजदूत जोसेफ ग्रू यांनींहि रूथ हा आपल्यापेक्षां अधिक प्रभावी राजदूत असल्याचें नमूद करून ठेविलें आहे.

खेळाच्या दृष्टीनें पाहतां हे सामने एकतर्फी होते. संबंध दौऱ्यांत जपानी संघाला एकहि विजय मिळाला नाहीं आणि एकट्या रूथनें १३ होम रन मारले. अशा स्थितींत शिझुओका येथील कुसानागि मैदानावर सावामुराच्या हातीं चेंडू देण्यांत आला. क्रिकेटशीं परिचय असलेल्यांना येथें एवढें सांगितलें पाहिजे कीं, बेसबॉलमध्यें यष्ट्या नसतात. चेंडू फेकणारा आणि फलंदाज यांचें सरळ द्वंद्व चालतें. तीन चेंडू हुकले कीं फलंदाज बाद. त्या दुपारीं सावामुरानें गेरिंगर, रूथ, गेरिग व फॉक्स ह्या चौघांना लागोपाठ अशाच रीतीनें माघारीं पाठविलें. शाळेच्या बाकावरून उठून आलेल्या मुलापुढें जगांतील चार नामांकित फलंदाज एकामागून एक हताश होऊन परततात, हें दृश्य पाहणाऱ्यांना काय वाटलें असेल, याची कल्पनाच करावी. सहा डाव संपले तरी अमेरिकनांची पाटी कोरीच होती. सातव्या डावांत मात्र गेरिगनें एक चेंडू मैदानाबाहेर भिरकावला. तेवढ्या एका धावेनें सामना संपला. अमेरिका १, जपान ०.

स्मृतीचा लहरीपणा येथूनच दिसूं लागतो. पुढें ज्या ज्या वेळीं ह्या सामन्याची गोष्ट सांगितली गेली, त्या त्या वेळीं ते चार बळी गोष्टीच्या मध्यभागीं राहिले आणि गेरिगचा फटका कडेला सरकला. जपानच्या फलंदाजांना दिवसभर एकहि धाव काढूं न देणारा अमेरिकन गोलंदाज अर्ल व्हाइटहिल हा होता. त्याचें नांव किती जणांच्या ध्यानांत राहिलें? न्यायाच्या तराजूंत ही नोंद एकांगी ठरेल. परंतु लोक विजयच तेवढे आठवतात असें नाहीं. आपण कोठवर पोंचूं शकतों हें ज्या क्षणीं प्रथम कळतें, तो क्षणहि त्यांच्या ध्यानांत राहतो. हा भाव एका शहरापुरता नव्हता. सहा दिवसांनीं कोकुरा येथें सामना भर पावसांत झाला. मोकळ्या जागेंतील हजारों प्रेक्षक सांचलेल्या पाण्यांत गुडघे टेकून बसले, पण उठले नाहींत. आणि रूथ हातांत छत्री धरून मैदानांत उभा राहिला.

मैदानाबाहेरचें वारें मात्र निराळें होतें. त्याच दौऱ्यांत मो बर्ग नांवाच्या अमेरिकन खेळाडूनें टोकियोच्या एका रुग्णालयाच्या उंच छपरावर चढून शहराचें चलच्चित्र गुपचूप टिपून घेतलें. फेब्रुवारी १९३५ मध्यें एका कडव्या राष्ट्रवाद्यानें शोरिकी यांच्यावर तरवारीचा वार केला. परकीयांना बोलावून पवित्र भूमि विटाळली, हा त्यांच्यावरील एक आरोप होता. शोरिकी त्यांतून वांचले, आणि त्यांनीं जमविलेल्या संघांतूनच जपानचा व्यावसायिक बेसबॉल उभा राहिला. त्या नव्या संघाकडून सावामुरानें पुढें तीन सामन्यांत प्रतिपक्षाला एकहि यशस्वी फटका मारूं दिला नाहीं.

डिसेंबर १९४१ मध्यें पर्ल हार्बरवर बाँब पडले. ती बातमी ऐकून संतापलेल्या रूथनें जपानांतून आणलेल्या भेटवस्तु घराच्या खिडकींतून फेकून दिल्या, असें सांगितलें जातें. सावामुराला सैन्यांत जावें लागलें. हातबाँब फेकून फेकून त्याच्या उजव्या खांद्याची रया गेली. ता. २ डिसेंबर १९४४ रोजीं त्याला नेणारें जहाज अमेरिकन पाणबुडीच्या माऱ्यानें बुडालें. शिझुओकाच्या त्या दुपारीला दहा वर्षें आणि बारा दिवस झाले होते. मरणसमयीं त्याचें वय २७ होतें.

युद्ध संपल्यावर १९४७ सालीं जपाननें सर्वोत्तम गोलंदाजाला द्यावयाच्या पारितोषिकास सावामुराचें नांव दिलें. १९३४ च्या दौऱ्याशीं निगडित असलेला लेफ्टी ओडूल १९४९ सालीं सॅन फ्रान्सिस्कोचा संघ घेऊन पुनः जपानांत आला, तेव्हां पराभूत आणि भग्न शहरांतील लोकांनीं त्याचें मनःपूर्वक स्वागत केलें. खेळानें युद्ध टळलें नव्हतें, हें त्या लोकांइतकें कोणाला ठाऊक असणार? तरीहि ते मैदानावर आले. कारण मधल्या जळलेल्या वर्षांपलीकडे त्यांना आठवण्याजोगें असें कांहीं उरलें होतें.

कुसानागि मैदानापाशीं आज दोन पुतळे आहेत. एक चेंडू फेकणाऱ्या सावामुराचा, दुसरा फळी उगारलेल्या रूथचा. ज्या गेरिगच्या फटक्यानें तो सामना जिंकला गेला, त्याचा पुतळा तेथें नाहीं.