रंगांच्या रसायनशास्त्रातील करिअर

रंगनिर्मितीचे क्षेत्र म्हटले की अनेकांना चित्रकला आठवते. प्रत्यक्षात येथे कस लागतो तो रसायनशास्त्राचा. रंगद्रव्य, रेझिन, द्रावक आणि पूरके यांचे प्रमाण ठरविणारा फॉर्म्युलेशन केमिस्ट हा या उद्योगाचा कणा होय.

माटुंग्याची आयसीटी, म्हणजे १९३३ साली स्थापन झालेली पूर्वीची यूडीसीटी, आणि नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था येथे सरफेस कोटिंग टेक्नॉलॉजीचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यासाठी बारावी विज्ञाननंतर एमएचटी-सीईटी द्यावी लागते. राज्याबाहेर कानपूरची एचबीटीयू प्रसिद्ध आहे.

पदवीनंतर उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण, तांत्रिक विक्री असे मार्ग खुले होतात. मात्र खरे आव्हान प्रयोगशाळेतच. दुकानातील ट्यूबलाइटखाली जुळलेल्या दोन छटा उन्हात वेगळ्या दिसतात. तो फरक स्पेक्ट्रोफोटोमीटरने आधीच हेरावा लागतो. नोव्हेंबर २०१७पासून घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची कमाल मर्यादा आहे. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. त्यामुळे लेड क्रोमेटसारखे स्वस्त, तजेलदार पिवळे रंगद्रव्य या रंगांतून बाद झाले. तोच तजेला, तोच टिकाऊपणा पर्यायी रंगद्रव्यांतून, तेही ग्राहकाला परवडेल अशा दरात साधणे, हे काम या केमिस्टकडे येते.