पेटीतली फट

पूर्वी मध काढायचा म्हणजे पोळं पिळायचं, वसाहत मोडायची. १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या पाद्र्याच्या लक्षात आलं, की साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट माश्या बुजवत नाहीत. झालं! चौकटी सुट्या राहिल्या, पोळं न मोडता उचलता येऊ लागलं. मी सॉफ्टवेअरवाला, मला तर सगळं डिझाइन त्या फटीतच दिसतं.

पण ती पेटी युरोपीय माशीच्या मापाची. आपली सातेरी लहान. दक्षिणेत फादर न्यूटन यांनी १९११ ते १९१७ दरम्यान लहान पेटी घेऊन गावकऱ्यांना शिकवलं, तेव्हा कुठे ती रुजली.

बरं, सातेरीला त्रास झाला की ती पेटी सोडून उडून जाते. परसात रिकामी पेटी दिसली की लोक शेतकऱ्याला आळशी म्हणतात. मला नाही पटत. पेटी दिल्यावर शिकवायला कोणी परत आलं होतं का, ते आधी विचारा.