साडे चुआत्तर

साडे चुआत्तर : (१९५३). बंगाली प्रणयप्रधान विनोदी चित्रपट. दिग्दर्शक निर्मल डे, कथा नाटककार विजन भट्टाचार्य, संगीत कालीपद सेन, निर्मिती एम. पी. प्रॉडक्शन्स. उत्तमकुमार आणि सुचित्रा सेन यांनी एकत्र काम केलेला हा पहिला चित्रपट.

नाव : ‘साडे चुआत्तर’ म्हणजे साडेचौऱ्याहत्तर. खासगी पत्रावर हा आकडा घालण्याची जुनी रीत होती. ज्याचे पत्र त्यानेच उघडावे, दुसऱ्याने उघडल्यास त्याला पाप लागेल, अशी ती शपथ. आख्यायिका अशी, की अकबराने चितोड घेतल्यावर धारातीर्थी पडलेल्या वीरांची जानवी गोळा केली, ती साडेचौऱ्याहत्तर मण भरली. पत्र फोडणाऱ्याच्या माथी तेवढ्या हत्येचे पातक, असा त्या आकड्याचा धाक. चित्रपटाचे सारे कथानक अशाच एका भलत्या हाती पडलेल्या पत्रावर उभे आहे.

कथानक : कोलकात्यात रजनीबाबूंचे ‘अन्नपूर्णा बोर्डिंग हाउस’ आहे. गावाकडून नोकरीसाठी आलेल्या एकट्या पुरुषांची ही ‘मेसबाडी’. खोली, जेवण आणि सोबत एकाच छपराखाली. रजनीबाबूंची पत्नी व मुले मात्र गावी असतात. डोक्यावरचे छप्पर गेलेल्या एका नातेवाइकाला रजनीबाबू आसरा देतात आणि त्याची तरुण मुलगी रमला हिच्या येण्याने मेसमध्ये खळबळ उडते. बाहेरगावी गेलेला मेसमधला रहिवासी रामप्रीती परतल्यावर या व्यवस्थेला विरोध करतो. त्याचे आणि रमलाचे आधी खटके उडतात, मग प्रेम जमते. मेसचा नोकर मदन दोघांच्या चिठ्ठ्यांची ने-आण करतो. त्यातली एक रजनीबाबूंच्या खिशात राहते आणि गावी पत्नीच्या हाती लागते. कुणी कुणाला लिहिली हे तिला ठाऊक नाही. नवऱ्याच्या खिशात निघाली, एवढेच तिला पुरते. उतारवयात नवरा कुणाच्या नादी लागला, या समजाने ती पेटते. शेवटी तरुण जोडप्याचे लग्न ठरते आणि गैरसमजाचा उलगडा होतो.

भूमिका : तुलसी चक्रवर्ती (रजनीबाबू), मलिना देवी (त्यांची पत्नी), उत्तमकुमार (रामप्रीती), सुचित्रा सेन (रमला), नवद्वीप हालदार (मदन), भानू बंदोपाध्याय (केदार), जहर राय (कामाख्या). धनंजय भट्टाचार्य, द्विजेन मुखोपाध्याय, श्यामल मित्र आणि मानवेंद्र मुखोपाध्याय हे गायकही मेसच्या मंडळींत दिसतात. ढाक्याच्या भानूंनी मेसमधल्या केदारच्या तोंडी पूर्व बंगालची बोली घातली. रमलाच्या आईला ‘माशीमा’, म्हणजे मावशी, अशी हाक मारून तो त्या बोलीत मालपोवा मागतो; ते वाक्य बंगालमध्ये म्हणीसारखे रूढ झाले आहे.

महत्त्व : पुढे ‘अग्निपरीक्षा’ने (१९५४) उत्तम–सुचित्रा जोडी शिखरावर नेली. त्यामुळे हा चित्रपट त्यांच्या नावाने ओळखला जातो. पण त्याचा खरा प्राण तुलसी चक्रवर्ती आणि मलिना देवी यांच्या संसारात आहे. तरुणांचे प्रेम चिठ्ठीत लिहिलेले आहे, थोरल्यांचे रुसव्यातून आणि संशयातून कळते. इतक्या वर्षांनीही नवरा आपलाच असावा, ही त्या बाईची तळमळ हसवता हसवता मन हेलावून जाते. तुलसीबाबूंचे गोंधळलेले, निरागस डोळे तिच्या प्रत्येक प्रश्नापुढे आणखी गोंधळतात. आणि ते जितके गोंधळतात, तितका तिचा संशय बळावतो. पुढे सत्यजित राय यांनी ‘पारश पाथर’मध्ये (१९५८) तुलसीबाबूंना प्रमुख भूमिका दिली. फाळणीनंतरच्या कोलकात्यातील मेसजीवन, तिथल्या अनेक बोली आणि परक्यांतून जमलेले घरपण या चित्रपटाने जपून ठेवले आहे. बंगाली विनोदी चित्रपटांत त्याचे स्थान आजही अग्रभागी आहे.