नंदीच्या मुखातील पाणी

बदलीच्या निमित्ताने बंगळुरास आलेला मराठी गृहस्थ, बिऱ्हाड लागले आणि मुलांच्या शाळेची सोय झाली की, सवडीच्या पहिल्या रविवारी मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराची वाट धरतो. तेथे 1669 सालचा एक शिलालेख आहे. मल्लपूरच्या मल्लिकार्जुनास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची त्यात नोंद असून, दाता आहे व्यंकोजी भोसले, म्हणजे शिवछत्रपतींचा सावत्र बंधू.

1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. राजे 1664 साली होदिगेरे येथे शिकारीत निवर्तले. त्यानंतर कारभार व्यंकोजीकडे आला. तंजावरास गादी स्थापन केल्यावर त्याचे या शहरावरील लक्ष उडाले आणि 1687 साली मोगलांनी ते जिंकून तीन लक्ष रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराजास दिले. मराठ्यांचा अंमल असा अर्धे शतक टिकला. शिळा पाहिली की आपल्या मनाला समाधान वाटते आणि आपण परत फिरतो. आम्हीही पूर्वी असेच परत फिरलो होतो.

परंतु रस्ता ओलांडून समोर गेले म्हणजे दुसराच इतिहास भेटतो. तेथे दक्षिणाभिमुख नंदीतीर्थ आहे. दगडी नंदीच्या मुखातून पाण्याची अखंड धार खालच्या शिवलिंगावर पडते आणि तेथून पायऱ्यांच्या कल्याणीत उतरते. कल्याणी म्हणजे आपल्याकडील कुंड वा पुष्करिणी. वाळकेश्वरचे बाणगंगा ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. देवळात शिरण्यापूर्वी हातपाय धुवावेत, पर्वकाळी स्नान करावे, चार घटका पायऱ्यांवर बसून गावच्या गोष्टी बोलाव्यात, यासाठी अशी कुंडे बांधीत. स्नान हा तेव्हा केवळ न्हाणीघरातला खाजगी विधी नव्हता.

हे तीर्थ कित्येक वर्षे मातीखाली होते. 1898च्या प्लेगनंतर मल्लेश्वरमची आखीव वसाहत वाढली. नळाचे पाणी घरोघर आले. घरी नळ आला की कुंडाची वाट मोडते, वाट मोडली की गाळ साचतो, आणि गाळावर माती पडली की जमीन सपाट दिसू लागते. येथेही वर दिसत होता तो एक मोकळा भूखंडच. 1997च्या सुमारास तो विकला जाणार, अशी वार्ता उठली. शेजारपाजारचे लोक आडवे आले. खाली काय आहे ते आधी पाहू द्या, असा त्यांचा आग्रह होता. खोदकाम झाले तेव्हा मातीखालून दगडी मंडप निघाला, कल्याणी निघाली, आणि नंदीच्या मुखातून पाणी वाहतच होते. तीर्थाच्या वयाविषयी लोक हवे ते आकडे सांगतात. त्या वादात आम्ही पडत नाही.

व्यंकोजीच्या दानाचा लेख दगडावर आहे. या शेजाऱ्यांचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येण्याचा संभव थोडा. तरी राजाने दिलेले गाव आज शहराच्या पोटात विरून गेले आहे, आणि या मंडळींनी राखलेले पाणी मात्र वाहते आहे.

हे आमच्या वाचकांना मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. आपणांपैकी अनेकांच्या टेबलावर जमिनींचे कागद येतात. नकाशावर चौकोन असतो आणि चौकोनात ‘पडीक’ एवढाच शब्द. परक्या प्रांतात आपल्याला त्या चौकोनाची पूर्वकथा ठाऊक नसते. ती शेजारच्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते, आणि ते आपली भाषा बोलत नाहीत. अशा वेळी सही करण्यापूर्वी एकदा जागेवर जावे, दुभाष्या घेऊन का होईना, त्यांना विचारावे, इतकेच आमचे मागणे आहे. आणि पुढल्या रविवारी शिलालेख पाहून झाल्यावर रस्ता ओलांडावयास विसरू नये.